कॅल्शियम किती, याहून महत्त्वाचे ते कोठे
(स्नायुपेशीतील कॅल्शियमचा शोध : एक अभ्यासलेख)

वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद आणि कामकाजाचा आढावा यांच्या जोडीने आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख असावा, अशी आमच्या विश्वस्त मंडळाची भूमिका आहे. देणगीदारांच्या पैशातून औषधे आणि तपासण्या उपलब्ध होतात; त्यांच्यामागे कोणते ज्ञान उभे आहे, याची थोडी ओळख त्यांना व रुग्णांच्या नातेवाइकांना व्हावी, हा त्यामागील हेतू. यंदाचा विषय आहे स्नायुपेशीतील कॅल्शियम आणि त्याचा ठावठिकाणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कसा लावला गेला, हा. विषय प्रयोगशाळेतला वाटेल, परंतु तो रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीपर्यंत येऊन पोहोचतो.

आमच्याकडे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांतील वयस्कर रुग्णांच्या औषधचिठ्ठीवर पुष्कळदा दोन गोळ्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात : रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन आणि हाडांसाठी कॅल्शियम. ॲम्लोडिपिन हे 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' या गटातील औषध. हे नाव वाचलेले नातेवाईक विचारतात, "एक गोळी कॅल्शियम अडवते, दुसरी कॅल्शियम देते, मग दोन्ही कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. चिंतेची बाब एवढीच, की काही जण उत्तराची वाट न पाहता दोहोंपैकी एक गोळी परस्पर बंद करतात. बंद होते ती बहुधा रक्तदाबाची, कारण वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही. त्याचा परिणाम पुढे पक्षाघाताच्या रूपाने समोर आला, की मग सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मुळापासून द्यावे, असे आम्हांस वाटले.

एकूण साठा आणि जागोजागचा साठा

कोणत्याही भांडाराचा हिशेब तपासताना एकूण माल किती, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या गोदामात किती, तेथून कोणाच्या हुकमाने बाहेर येतो आणि परत कसा भरला जातो, हे पाहावे लागते. शरीरातील कॅल्शियमचेही तसेच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत असते. रक्तात ते दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतकेच असते आणि ही पातळी राखण्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथी व 'ड' जीवनसत्त्व अखंड कार्यरत असतात. याहून नवलाची गोष्ट पेशीच्या आत आहे. विश्रांत स्नायुपेशीच्या द्रवातील मोकळे कॅल्शियम हे बाहेरील द्रवाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके अल्प असते.

साठा भरपूर असूनही तो योग्य जागी नसला तर काय होते, हे आपल्या भागातील दूध उत्पादकांना चांगले ठाऊक आहे. जास्त दूध देणारी गाय व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत एकाएकी बसते, मान कुशीकडे वळवते आणि उठवली तरी उठत नाही. हा दुग्धज्वर. त्या वेळी गाईच्या हाडांत कित्येक किलो कॅल्शियम असते. परंतु दुधावाटे ते इतक्या वेगाने बाहेर पडते, की रक्तातील पातळी घसरते. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचण्यासाठी रक्तातील कॅल्शियम लागते. ते कमी पडल्याने गाय लुळी पडते. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश देतात आणि बसलेली गाय पुष्कळदा तासाभरात उभी राहते.

रिंगर यांचे पाणी

कॅल्शियम आणि स्नायू यांचा संबंध प्रथम लक्षात आणून दिला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील वैद्य सिडनी रिंगर यांनी. १८८२-८३ च्या सुमारास ते बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके अभ्यासत होते. द्रावण नळाच्या पाण्यात केलेले असले, की हृदय तासन् तास चाले. ऊर्ध्वपातित, म्हणजे पूर्ण शुद्ध पाण्यात केलेले असले, की थोड्याच वेळात थांबे. लंडनच्या नळाच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम हेच या फरकाचे कारण होते. शुद्ध पाण्याच्या द्रावणात थोडे कॅल्शियम घालताच हृदय पुन्हा धडधडू लागले.

रिंगर यांचे नाव आपण रुग्णालयात रोज वाचतो. वॉर्डातील सलाइनच्या बाटलीवर 'आर. एल.' अशी अक्षरे असतात, ती 'रिंगर लॅक्टेट'ची. त्यांच्या द्रावणात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी १९३० च्या दशकात लॅक्टेटची भर घातली. त्या बाटलीत सोडियम व पोटॅशियम यांच्याबरोबर थोडे कॅल्शियमही असते.

रिंगर यांच्या प्रयोगातून मात्र एक कोडे निर्माण झाले. हृदयाला बाहेरचे कॅल्शियम प्रत्येक ठोक्याला लागते. परंतु हातापायांचा स्नायू बाहेर कॅल्शियम जवळजवळ नसतानाही काही काळ आकुंचन पावू शकतो. मग त्याला कॅल्शियम मिळते कोठून? पेशीच्या आतच कोठेतरी त्याचे कोठार असले पाहिजे. ते कोठार शोधण्यास साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा नव्हता.

डोळ्यांना न दिसणारी जाळी

प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला एक नैसर्गिक मर्यादा आहे. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) १९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का व मॅक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारे यंत्र तयार केले आणि ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला झाला. रुस्का यांना त्याबद्दल १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात १९४० च्या दशकात कोलकात्यात प्रा. नीरजनाथ दासगुप्ता यांनी असे यंत्र उभारले. महाराष्ट्रातील वाचकांना या यंत्राचे एक अलीकडचे काम आठवत असेल : २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने करोना विषाणूचे जे छायाचित्र प्रसिद्ध केले, ते याच प्रकारच्या यंत्राने घेतलेले होते.

या यंत्रासाठी नमुना अतिशय पातळ लागतो. स्नायूचा कण रसायनांत स्थिर करून, राळेत घट्ट बसवून, त्याच्या साधारण ८० नॅनोमीटर जाडीच्या चकत्या काढतात. एका मिलिमीटरच्या कणातून अशा बारा हजार चकत्या निघू शकतील. स्नायूच्या अशा चकत्या पाहताना कीथ पोर्टर व जॉर्ज पालादे यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९५७ साली प्रत्येक स्नायुतंतुकाभोवती पातळ पडद्यांच्या पोकळ नळ्यांची एक सुरेख जाळी स्पष्ट दिसली. तिला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. आपण तिला येथे 'जालिका' म्हणू. इटलीतील पाव्हिया येथे एमिलिओ वेराटी यांनी १९०२ सालीच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या जाळीची चित्रे काढली होती. परंतु ती पडताळून पाहण्याचे साधन नसल्याने पन्नास वर्षे त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

जालिकेच्या टोकांना फुगीर पिशव्या असतात. अशा दोन पिशव्यांच्या मधून एक बारीक नळी जाते. ही नळी पेशीच्या बाह्य आवरणाचाच आत वळलेला भाग आहे, हे १९६४ साली क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग व पोर्टर यांनी माशाच्या स्नायूत दाखवले. मज्जातंतूने दिलेला विद्युत संदेश पेशीच्या गाभ्यापर्यंत कसा पोहोचतो, याचा मार्ग त्यामुळे उलगडला. त्याच सुमारास जपानमध्ये सेत्सुरो एबाशी व जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख यांनी रासायनिक प्रयोगांनी दाखवून दिले, की जालिकेचे तुकडे कॅल्शियम शोषून घेतात. संशयाची सुई पिशव्यांकडे वळली होती. पण प्रत्यक्ष पुरावा हवा होता.

कॅल्शियम 'दिसण्या'च्या तीन युक्त्या

अडचण अशी, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाही सुटे कॅल्शियम दिसत नाही. त्याला पडदे व दाट पदार्थ काळे दिसतात; विरघळलेला क्षार दिसत नाही. शिवाय नमुना तयार करतानाच कॅल्शियम जागचे हलते. म्हणजे चौकशी अधिकारी येण्यापूर्वीच माल दुसऱ्या गोदामात जावा, तशी गत. यावर तीन प्रकारचे उपाय निघाले.

पहिला उपाय ऑक्झॅलेटचा. कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट एकत्र आले, की न विरघळणारे स्फटिक तयार होतात. पुष्कळ मूतखडे याच पदार्थाचे असतात, हे मूतखड्याचा त्रास झालेल्या कुटुंबांना माहीत असेल. १९६५ साली कॉस्टँटिन, फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग व पोडोल्स्की यांनी बेडकाच्या स्नायूचा एकेक तंतू घेऊन त्याचे बाह्य आवरण सोलून काढले, त्याला कॅल्शियम व ऑक्झॅलेट दिले आणि नंतर तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्फटिक साठले होते ते मुख्यत्वे जालिकेच्या टोकाच्या पिशव्यांत. कोठाराचा पत्ता सापडला.

दुसरा उपाय पायरोअँटिमोनेट या रसायनाचा. अँटिमनी हा जड धातू असल्याने त्याचा साका सूक्ष्मदर्शकात काळा उमटतो. मात्र हे रसायन सोडियम व मॅग्नेशियम यांच्याशीही संयोग पावते. म्हणून नमुन्याची एक चकती कॅल्शियम तेवढे ओढून घेणाऱ्या द्रावणात धुतात. काळे ठिपके नाहीसे झाले तर ते कॅल्शियमचे. टिकले तर दुसऱ्या कशाचे. केवळ काळा ठिपका दिसला म्हणून कॅल्शियम जमा धरायचे नाही, अशी ही शिस्त.

तिसरा उपाय सर्वांत काटेकोर. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्याच्या एका बिंदूवर सोडला, की तेथील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. ते मोजले, की त्या बिंदूत कोणते मूलद्रव्य किती, हे कळते. कॅल्शियम हलू नये म्हणून स्नायू क्षणार्धात गोठवतात आणि गोठलेल्या स्थितीतच त्याच्या चकत्या काढतात. येथेही एक खाचखळगा आहे. स्नायूत पोटॅशियम विपुल असते आणि त्याच्या क्ष-किरणांची एक दुय्यम रेषा कॅल्शियमच्या मुख्य रेषेला अगदी खेटून पडते. पोटॅशियमच्या खात्यातील ही रक्कम वजा केल्याशिवाय कॅल्शियमची शिल्लक खरी ठरत नाही.

हा सारा हिशेब सांभाळून अमेरिकेत अँड्र्यू व अव्हरिल सोमल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली बेडकाच्या स्नायूची मोजमापे प्रसिद्ध केली. विश्रांत स्नायूत टोकाच्या पिशव्या कॅल्शियमने भरलेल्या होत्या. सुमारे सव्वा सेकंद सलग आकुंचन करवून गोठवलेल्या स्नायूत त्याच पिशव्यांतील जवळपास ६० टक्के कॅल्शियम बाहेर पडलेले होते. पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे, म्हणजे तंतुकणिका, याही कॅल्शियम साठवत असाव्यात, असा एक तर्क होता; निरोगी स्नायूत त्यांच्यात ते फार थोडे आढळले. कोठार कोणते आणि त्यातून किती माल बाहेर पडतो, या दोन्ही प्रश्नांना आकड्यांनिशी उत्तर मिळाले.

धरण आणि उपसा

कृष्णाकाठच्या वाचकांना ही व्यवस्था समजण्यास कठीण नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. ते तेथे साठून असते तोवर खालच्या गावांत सारे शांत असते. दरवाजे उचलले, की पाणी उतारावरून आपोआप धावते आणि सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे लागते. स्नायूतही विद्युत संदेश येताच पिशव्यांचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम उताराने बाहेर धावते, ॲक्टिन व मायोसिन या तंतूंना एकमेकांत सरकण्याची मुभा देते आणि स्नायू आखडतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या प्रत्येक पकडीत अब्जावधी दरवाजे असेच क्षणार्धात उघडत-मिटत होते.

पाणी खाली येण्यास वीज लागत नाही, वर चढवण्यास लागते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळते ते पंपांच्या बळावर; वीजबिल थकले, की पंप थांबतात, हेही या भागाने पाहिले आहे. जालिकेच्या पडद्यात असेच पंप आहेत. एटीपी नावाच्या ऊर्जारेणूचे एक नाणे खर्च करून प्रत्येक पंप कॅल्शियमचे दोन कण परत पिशवीत भरतो. स्नायू सैल होतो तो या उपशामुळे. म्हणजे आकुंचनाइतकेच शिथिल होण्यासही मोल पडते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते, त्याचे कारण हेच : एटीपी संपते, पंप थांबतात आणि परस्परांत गुंतलेले तंतू सुटू शकत नाहीत.

दोन गोळ्यांचे उत्तर

आता औषधचिठ्ठीकडे वळू. ॲम्लोडिपिन शरीरातील कॅल्शियम कमी करत नाही, हाडांतून काढून घेत नाही आणि आहारातून येणारे कॅल्शियमही अडवत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जे स्नायू असतात, त्यांच्या पेशींच्या बाह्य आवरणावरील विशिष्ट दरवाजांतून आत जाणारे कॅल्शियम ते कमी करते. भिंत सैल पडते, रक्तवाहिनी रुंदावते, दाब उतरतो. हातापायांच्या स्नायूंचे कोठार आतच असल्याने या गोळीमुळे ते दुबळे होत नाहीत. कॅल्शियमची गोळी हाडांच्या साठ्यासाठी असते. रक्तातील पातळी शरीर स्वतःच राखते. दोन्ही गोळ्यांची कामाची जागाच वेगळी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहिलेल्या चिठ्ठीवर त्या एकत्र नांदू शकतात.

ॲम्लोडिपिनने काहींच्या पावलांवर सूज येते. अशा वेळी गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे. कॅल्शियमची गोळी सुरू करण्यापूर्वी मूतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असल्यास तेही आवर्जून सांगावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

भुलीपूर्वीचा एक प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतात, "रक्ताच्या नात्यात कोणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का?" हा प्रश्न उपचार म्हणून विचारलेला नसतो. क्वचित एखाद्या घराण्यात जालिकेच्या दरवाजांची रचना आनुवंशिक दोषाची असते. एरवी त्याचा पत्ता लागत नाही. परंतु भुलीच्या काही वायूंनी ते दरवाजे उघडतात आणि मिटत नाहीत. सर्व स्नायू एकदम आखडतात, ताप झपाट्याने चढतो आणि जीव धोक्यात येतो. १९६० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डेनबरो व लोव्हेल यांनी अशा एका तरुणाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या कुटुंबातील दहा नातेवाईक भुलीच्या वेळी दगावले होते. दरवाजांतून होणारी ही गळती रोखणारे डँट्रोलीन हे औषध पुढे उपलब्ध झाले. धोका आधी कळला, तर भुलीचा प्रकारच बदलता येतो. म्हणून आत्या, मामा, चुलते यांच्याविषयीची जुनी आठवणही संकोच न करता सांगावी.

ताकदीचे इंजेक्शन

शेवटची गोष्ट अधिक तातडीची. थकवा आला, पाय दुखले, की 'कॅल्शियमचे इंजेक्शन द्या' अशी मागणी होते. शिरेतून कॅल्शियम जाताना अंगात ऊब जाणवते, त्यामुळे ताकद आल्याचा भास होतो. परंतु वर पाहिल्याप्रमाणे हृदयाचा प्रत्येक ठोका बाहेरील कॅल्शियमवर अवलंबून आहे. शिरेतून ते वेगाने गेले, तर ठोके अनियमित होऊ शकतात, प्रसंगी हृदय थांबूही शकते. रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरले असता, किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियम फार वाढले असता हेच इंजेक्शन जीव वाचवते. तेव्हाही ते हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून, सावकाश दिले जाते. गोठ्यातील गाईलाही पशुवैद्य बाटली सावकाशच देतात, ती याच कारणाने.

बेडकाच्या स्नायूतील काळे ठिपके मोजणाऱ्या संशोधकांपुढे सातारा-सांगलीतील रुग्ण नव्हते. तरीही त्यांच्या कामामुळे आज आमच्या भूलतज्ज्ञांना कोणता प्रश्न विचारावा हे कळते आणि आमच्या परिचारिकांना कोणती सुई हळू द्यावी हे कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्या रुग्णालयात नाही. तो कोट्यवधी रुपयांचा असतो आणि प्रत्येक रुग्णालयात असण्याची गरजही नाही. स्नायूच्या किंवा मूत्रपिंडाच्या ज्या मोजक्या नमुन्यांना त्याची आवश्यकता असते, ते मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू येथील मोठ्या केंद्रांकडे पाठवावे लागतात. हा नमुना नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये न ठेवता वेगळ्या द्रावणात, अगदी लहान तुकडे करून ठेवावा लागतो. अहवाल येण्यास वेळ लागतो आणि खर्चही होतो. गरजू रुग्णांच्या अशा तपासण्यांचा भार देणगीदारांच्या साहाय्याने हलका होतो, याची कृतज्ञतापूर्वक नोंद येथे करीत आहोत.

नातेवाइकांना आमची विनंती एवढीच, की औषधचिठ्ठीवरील कोणत्याही दोन औषधांविषयी शंका आली तर ती खिडकीवर जरूर विचारावी. आमचे औषधनिर्माते व डॉक्टर तिचे उत्तर देतील. उत्तर मिळेपर्यंत मात्र गोळी चालू ठेवावी.